पगारातली तूट गरिबांच्या पेटीतून भरू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात): आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) गरिबांना मदत करणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, तिची मी जानेवारीपासून खजिनदार आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही १४ कुटुंबांना रेशनची पिशवी देतो. तिच्यात १० किलो तांदूळ, ५ किलो आटा, १ किलो तूरडाळ, १ लिटर तेल, साखर आणि चहा असतो. एका पिशवीला साधारण १,२०० रुपये लागतात. १४ पैकी ९ कुटुंबं सहा-सात वर्षं तीच आहेत. आता सभेत दोन तट पडलेत. तरुण मंडळी म्हणतात, ‘हे नुसतं दान झालं, चर्च न्याय शिकवते, पिशव्या बंद करा.’ आमचे अध्यक्ष म्हणतात, ‘गरीब नेहमीच तुमच्याजवळ असतील हे प्रभूचेच शब्द आहेत, आणि संत विन्सेंट यांनीही भाकरच वाटली होती.’ तीन कुटुंबं ख्रिस्ती नाहीत, त्यावरून ‘आधी आपली माणसं’ अशी कुरकुर चालते. चर्च आणि हॉल झाडणाऱ्या मावशीही यादीत आहेत. त्यांना रोज चार तासांचे महिन्याला ४,५०० रुपये मिळतात, ते पुरत नाहीत म्हणून. एक आजी एकट्याच राहतात, पण गेलं की तासभर सोडत नाहीत, त्यामुळे त्यांची पिशवी हल्ली दारात ठेवून येतात. नाताळात वेदीसमोर वाटप होतं आणि फोटो ग्रुपवर टाकतात. दुबईतला एक जण मोठी रक्कम देऊ पाहतोय. सुरुवात कुठून करू? – नवी खजिनदार, वसई तालुका

खजिनदारबाई,

झाडणाऱ्या मावशींचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात, पण सुरुवात तिथूनच करा. दान की न्याय या तुमच्या सभेतल्या भांडणाचं निम्मं उत्तर त्या एका नावात आहे.

हिशेब मांडून बघा. महिन्याचे २६ दिवस, रोज चार तास, म्हणजे १०४ तास. ४,५०० भागिले १०४, तासाला साधारण ४३ रुपये. एवढ्यात भागत नाही म्हणून तुमची सोसायटी वर १,२०० रुपयांची पिशवी देते. म्हणजे धर्मग्रामाच्या पगारखात्याला गरिबांची पेटी दर महिन्याला १,२०० रुपयांची मदत करते आहे आणि मावशींनी मात्र त्याबद्दल आभार मानायचे आहेत. मनात कुणाचं काही वाईट नसतं, सवयीनं असं होत जातं.

यावर चर्चची शिकवण अगदी स्पष्ट आहे. जगभरातल्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या श्रद्धावंतांच्या, प्रेषितकार्याविषयी जो आदेश काढला, त्याच्या आठव्या परिच्छेदाचा आशय असा: आधी न्यायाचं देणं द्या, जे न्यायानं द्यायलाच हवं ते दान म्हणून पुढे करू नका, दुखण्याची नुसती लक्षणं नव्हेत तर कारणंही काढा, आणि मदत अशी करा की घेणारा हळूहळू परावलंबनातून सुटेल. हा परिच्छेद तुमच्या सभेत मोठ्यानं वाचा. अध्यक्षांना नि तरुणांना, दोघांनाही त्यात आपलं म्हणणं सापडेल आणि दोघांनाही थोडं टोचेल.

मजुरीचा मुद्दा तर त्याहून जुना आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. मालक आणि मजूर दोघांनी राजीखुशीनं ठरवलेला पगारसुद्धा मजुराच्या साध्यासुध्या गुजराणीला पुरत नसेल तर तो न्याय्य नाही, असं त्यांनी लिहिलं. गरजेपोटी माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं. १९३१ च्या ‘क्वाड्राजेसिमो आन्नो’त पोप पायस अकरावे यांनी त्यात मजुराचं कुटुंबही धरलं. १९७१ च्या बिशपांच्या सिनडनं, म्हणजे धर्मसभेनं, बोट थेट स्वतःच्या घराकडे वळवलं. न्यायाविषयी बोलणाऱ्यानं आधी लोकांच्या नजरेत न्यायी असलं पाहिजे, आणि चर्चसाठी राबणाऱ्याला पुरेशी उपजीविका नि सामाजिक सुरक्षा मिळाली पाहिजे, असं त्या सिनडनं म्हटलं.

सभेत मात्र परिपत्रकापेक्षा कायदा जास्त कामाला येतो. चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, म्हणजे कॅनन लॉचं, १२८६ वं कलम दाखवा. चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी कामगारांबाबत देशाचे कायदे पाळावेत, आणि कामगाराला स्वतःच्या व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजा भागतील असा न्याय्य मोबदला द्यावा, असं ते बांधून घालतं. ५३७ व्या कलमानुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते. तेव्हा विषय सोसायटीच्या सभेत घोळवत बसू नका, अर्थसमितीकडे न्या. आधी पॅरिश प्रीस्टना एकांतात भेटा. त्यांना चारचौघांत पहिल्यांदा कळलं तर तो त्यांच्यावर आरोप वाटेल आणि दार बंद होईल.

सोबत एकच पान असू द्या. त्यावर कामाचे प्रत्यक्ष तास लिहा. हे तास मावशींना विचारूनच, कारण लग्नाच्या हंगामात हॉल रात्री अकराला झाडावा लागतो आणि ते तास कुणाच्याच हिशेबात नसतात. मग सध्याचा तासाचा दर, मग तुमच्या भागाला लागू असलेला किमान वेतनाचा दर. महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी जाहीर होतो. कोणता उद्योगगट आणि कोणतं परिमंडळ लागू ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्या. दिवसाच्या दराला आठने भागलं की तासाचा दर साधारण निघतो. समजा ७० रुपये ठरले, तर महिन्याचे ७,२८० होतात. फरक २,७८०, वर्षाचा ३३,३६०. त्याच्या शेजारी गेल्या वर्षीच्या फेस्ताच्या मंडपाचा खर्च लिहा. टीका नको, आकडा पुरे.

पुढे काय अडतं तेही सांगतो. ‘मावशी आपल्या घरच्याच आहेत’ असं कुणी तरी म्हणेल. घरच्या असतील तर त्यांना आठवड्याची भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा आणि पगार बँकेत, या तिन्हींचं लेखी पत्र द्यायला हरकत नसावी. ‘एकीचा वाढवला तर सगळ्यांचा वाढवावा लागेल’ असंही म्हणतील. बरोबर आहे, वाढवावा लागेल. एकदम जमत नसेल तर दोन टप्प्यांत वाढवा, पण दुसऱ्या टप्प्याची तारीख पहिल्याच ठरावात लिहून घ्या, नाही तर तो येत नाही. आणि ठराव झाला म्हणून मावशींची पिशवी त्याच महिन्यात बंद करू नका. वाढलेला पगार खात्यात पडल्याचं पासबुकात दिसू दे, मग त्यांनाच विचारा. मावशींना सभेत बोलावून ‘सांगा तुम्हीच’ असं तर मुळीच करू नका. ज्यांच्या हातात नोकरी आहे त्यांच्यासमोर कोण काय सांगणार?

(सभासदांच्या स्वतःच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा पगार हा वेगळा विषय नाही. पण तो सभेच्या विषयांत घेऊ नका. ज्याला कळायचं त्याला हे पान बघून कळेल.)

आता दोन्ही तटांकडे वळू. अध्यक्षांनी सांगितलेलं वचन प्रभूचंच आहे, पण ते अर्धं आहे. येशू तिथे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायाची आठवण देतो. त्यातल्या ११ व्या ओवीत देशातून दरिद्री नाहीसे होणार नाहीत असं म्हटल्याबरोबर पुढची आज्ञा येते, की म्हणून आपला हात सैल सोड. हात आखडायला त्या ओवीचा आधार मिळत नाही. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दर सातव्या वर्षी कर्जमाफीचा नियम आहे, म्हणजे दान नि न्याय तिथे एकाच पानावर नांदतात.

सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू संत विन्सेंट यांनी भाकर वाटली हे खरं. पण त्यांची सुरुवात भाकरीच्या गोंधळातून झाली. ऑगस्ट १६१७ मध्ये फ्रान्समधल्या शातियों गावात मिस्साच्या आधी त्यांना कळलं की गावाबाहेर एका घरातले सगळेच आजारी आहेत. प्रवचनात त्यांनी ते सांगितलं. दुपारी गेले तर वाटेवर बायकांची रांग, कुणाच्या हातात पाव, कुणाच्या मांस. विन्सेंट यांच्या मनात आलं की माया मोठी आहे, पण तिला व्यवस्था नाही. आज एवढं आलंय की नासून जाईल, आणि परवा पुन्हा उपास. तीनच दिवसांत त्यांनी तिथल्या स्त्रियांना एकत्र केलं, पाळ्या लावल्या, आणि त्या वर्षअखेरीपर्यंत लेखी नियमावली मंजूर करून घेतली. तुमच्यासाठी तिच्यात एक खास गोष्ट आहे: पैशाच्या पेटीला दोन वेगवेगळी कुलुपं, एक किल्ली प्रमुख बाईंकडे, दुसरी खजिनदाराकडे. आज त्याची जागा दोन सह्यांच्या चेकनं घेतली आहे. तुमच्याकडे एकट्या सहीवर पैसे निघत असतील तर या महिन्यातच बदला. त्यात तुमचंच संरक्षण आहे.

आणि हेच विन्सेंट १६१९ पासून गलबतांवरच्या कैद्यांचे मुख्य धर्मगुरू होते. युद्धानं गावं उजाड होताना ते कार्डिनल रिशल्यूकडे शांतता मागायला गेले. १६४९ मध्ये, बंडाळीच्या दिवसांत, राणीला भेटून तिच्या मंत्र्याला दूर करा असंही सांगून आले. कारणं कुठे आहेत हे त्यांना नीट ठाऊक होतं. जाता जाता एक सांगायला हवं. ‘तुमच्या प्रेमामुळेच गरीब तुम्ही दिलेल्या भाकरीबद्दल तुम्हाला क्षमा करतील’ हे वाक्य त्यांच्या नावानं नाताळच्या संदेशांत फिरतं. ते त्यांच्या पत्रांत सापडत नाही. १९४७ च्या एका फ्रेंच चित्रपटाच्या संवादातलं आहे. वाक्य चांगलं आहे, पण तुमच्या अहवालावर छापू नका.

तरुणांना फ्रेडरिक ओझानाम यांच्याकडे पाठवा. २३ एप्रिल १८३३ रोजी पॅरिसमध्ये तुमच्या सोसायटीची पहिली सभा झाली तेव्हा हा विद्यार्थी वीस वर्षांचा होता. ‘तुमच्या चर्चनं पूर्वी बरंच केलं असेल, आज काय करताय?’ असं विद्यार्थ्यांच्या वादसभेतल्या टीकाकारांनी हिणवलं, त्यातून हे काम उभं राहिलं. पण नुसत्या उत्साहावर नाही. मुफ्तार वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रॉंद्यू यांच्याकडे ही मुलं गेली. कोणत्या घरी जायचं, पावाची चिठ्ठी कुणाला द्यायची, गरिबाशी कसं बोलायचं, हे त्यांनी शिकवलं. पुढे १८३९-४० मध्ये लिओं शहरात व्यापारी कायदा शिकवताना ओझानाम यांनी मजुरीत मजुराचं पोट, मुलांचं शिक्षण आणि म्हातारपणाची सोय बसली पाहिजे असं मांडलं. ‘रेरुम नोव्हारुम’च्या पन्नास वर्षं आधी! या माणसानं पावाची चिठ्ठी देणं सोडलं नाही आणि मजुरीचा प्रश्नही सोडला नाही. तेव्हा ‘पिशव्या बंद करा’ म्हणणाऱ्यांनी आधी चार घरं चढावीत, मग ठराव मांडावा.

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) राणी मारिया. मूळच्या केरळच्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट सिस्टर मध्य प्रदेशात उदयनगर भागात आदिवासी शेतमजुरांमध्ये राहिल्या. सावकाराचं कर्ज कसं वाढतं, बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे त्यांनी लोकांना शिकवलं. सावकारांचा धंदा बसू लागला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांच्यावर वार करून त्यांचा खून झाला, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्यवादित घोषित केलं गेलं. अर्ज भरून देण्याचं काम रुक्ष वाटत असेल तर त्याची किंमत एवढी असू शकते.

आता पिशवी. तिच्यातले १० किलो तांदूळ आधी तपासा. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य महिन्याला मिळतं, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पाच जणांच्या घरात २५ किलो धान्य येत असेल तर तुमचे तांदूळ ते घर बहुधा दुकानात विकतं आणि त्यातून तेल किंवा गॅस घेतं. त्यात फसवणूक कसली? गरज एक आणि मिळतं दुसरं, एवढंच. तेव्हा १४ घरांत पहिला प्रश्न हा विचारा: कार्ड आहे का, कोणत्या रंगाचं, ई-केवायसी झाली का, दुकानात अंगठा लागतो का, किती जणांची नावं आहेत? म्हातारीचे ठसे मशीन घेत नाही, नव्या सुनेचं किंवा नातवाचं नाव चढलेलंच नसतं, परप्रांतातल्या कुटुंबाला गावचं कार्ड इथे चालतं हे माहीत नसतं. एकेका दुरुस्तीनं मिळणारं धान्य तुमच्या पिशवीपेक्षा जास्त भरेल.

ज्यांचं धान्य सुरळीत आहे त्यांच्या पिशवीत तांदूळ-आटा काढून त्याच पैशात २ किलो तूरडाळ, १ किलो मूग, २ लिटर तेल, शेंगदाणे, गूळ, कपड्यांचा नि अंगाचा साबण आणि मुली असतील तर सॅनिटरी पॅड द्या. उरलेल्या पैशात पावसाळ्याआधी सुकट-बोंबील. कुणाला मटणाचा तुकडा महिन्यातून एकदा हवा असतो, तोही माणूसच असतो. त्याहून बरं म्हणजे ओळखीच्या किराणा दुकानदाराकडे कुटुंबाच्या नावे १,२०० रुपयांची चिठ्ठी ठेवा. दारू-तंबाखू सोडून काय घ्यायचं ते त्यांनी ठरवावं. बिल तुम्हाला येईल, खजिनदाराचं कामही सोपं होईल.

नऊ जुन्या कुटुंबांकडे ‘सवयीचे’ म्हणून बघू नका. प्रत्येक घर वेगळ्या कारणानं अडकलंय. अंथरुणाला खिळलेलं, मागेपुढे कुणी नसलेलं माणूस असेल तिथे पिशवी शेवटपर्यंत द्या, आणि दर वर्षी ‘अजून किती दिवस?’ असा ठराव आणू नका. घरातला कमावता आजारी पडला किंवा नोकरी गेली असेल तर सहा महिने भरघोस द्या, भाडं नि शाळेची फी धरून. तुटपुंजी पिशवी सहा वर्षं देण्यापेक्षा पुरेशी मदत सहा महिने दिली तर घर उभं राहतं. कुणाचं घेणं दुसऱ्याकडे अडकलं असेल, ठेकेदाराकडे मजुरी, वीटभट्टीवर बयाण्याच्या नावाखाली राबवणूक, तर तिथे पिशवीचं काम नाही, कामगार कार्यालयाचं आणि वेठबिगारीच्या बाबतीत जिल्हाधिकाऱ्याचं आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा त्यासाठीच आहे.

आणि बरीच घरं नुसत्या कागदावर अडलेली असतात. विधवा, अपंग, निराधार यांना संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांवरच्यांना श्रावणबाळ योजना महिन्याला १,५०० रुपये देते. अपंगांचं अनुदान पुढे आणखी वाढवलंय. उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० आहे, शिवाय १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. अर्ज तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात. विधवेला पतीच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं तरी लागतंच. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात आणि ‘सरकारनं बंद केलं’ असं म्हणून लोक गप्प बसतात.

तुमच्याकडे यात एक खास अडचण येते, ती म्हणजे आडनाव. बाप्तिस्म्याच्या नोंदीत डिमेलो अपॉस्ट्रॉफीसह, आधारवर जोडून, रेशनकार्डावर मध्ये जागा सोडून, आणि पतीच्या मृत्यूच्या दाखल्यावर एक अक्षर भलतंच. फर्नांडिस आणि परेरा यांच्या स्पेलिंगचेही तसेच हाल. माणूस एक, कागदावर तीन. अर्ज भरायच्या आधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा, आधार प्रमाण धरून बाकीचे दुरुस्त करा, आणि जे होणार नाही त्यासाठी प्रतिज्ञापत्र घ्या. या एका पायरीनं दोन-तीन महिने वाचतात.

फॉर्म तुम्ही भरून टाकू नका. बाईला शेजारी बसवा, तिच्या हातानं भरू द्या, तहसीलला तिच्याबरोबर जा पण खिडकीशी तिलाच बोलू द्या. जे माणसाला स्वतः करता येतं ते वरच्यानं काढून घेऊ नये, हे सहायकतेचं तत्त्व १९३१ च्या त्याच परिपत्रकात आहे. सभांमध्ये त्यावर व्याख्यानं होतात. खिडकीपाशी ते पाळायला अवघड जातं, कारण आपण भरलं तर दहा मिनिटांत होतं आणि तिनं भरलं तर तास लागतो.

आजारपणाचं एवढं लक्षात ठेवा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. दाखल करतानाच रुग्णालयातल्या समाजसेवकाला गाठा आणि रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा दाखला द्या. बिल भरून झाल्यावर परत मागायला गेलं की काही हाती लागत नाही.

‘आधी आपली माणसं’ या कुरकुरीला फार वेळ देऊ नका. सोसायटीचा नियमच धर्म-जात न बघण्याचा आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया क्योतोमध्ये फ्रान्सिस्कनांचे दुभाषे होते. ते धर्मबंधू तिथे कुष्ठरोग्यांची रुग्णालयं चालवत, आणि ते रोगी काही वसईचे नव्हते. मात्र उलट बाजूही सांभाळा. त्या तीन घरांच्या पिशवीत नोव्हेनाचं पत्रक किंवा संताचं चित्र टाकू नका. प्रेमाचं काम धर्मप्रसाराचं साधन करायचं नसतं, हे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांच्या २००५ च्या पहिल्याच परिपत्रकात स्वच्छ लिहिलंय. शिवाय सध्याच्या हवेत त्या एका कागदानं त्या घराला त्रास होऊ शकतो.

वेदीसमोरचं वाटप यंदापासून थांबवा. ज्या वर्गात आपली मुलगी शिकते त्याच वर्गातल्या मुलांसमोर तिच्या आईला पिशवी घ्यावी लागते, आणि संध्याकाळी फोटो दोनशे फोनांवर असतो. देणगीदारांना हिशेब हवाच. तो आकड्यांत द्या: या तिमाहीत किती घरं, किती खर्च, किती पेन्शनी मंजूर, किती रेशनकार्डं दुरुस्त. नावं नकोत, चेहरे नकोत.

दुबईच्या देणगीचं असं. तो भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण त्यानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते. मग परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी (एफसीआरए) आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. तेव्हा आधी पासपोर्टची प्रत मागवा. ‘माझ्या खात्यावर टाक, मी देतो’ असं एखादा सभासद म्हणेल, तिथे ठाम नाही म्हणा. इथल्या कुणाला आयकरात देणगीवर सूट हवी असेल तर २,००० रुपयांवरची रोख चालत नाही. आणि गरिबांसाठी आलेला पैसा हॉलच्या पत्र्यांना ‘तात्पुरता’ वळवायचा नाही. विशिष्ट कारणासाठी दिलेलं त्याच कारणासाठी वापरावं, हे कॅनन १२६७ सांगतं. तसाच तो साठवूनही ठेवायचा नाही. सोसायटीची रीत साचवण्याची नाही, दोन-तीन महिन्यांच्या गरजेपुरती शिल्लक असली की झालं.

भेटी जोडीनं द्या, आणि निदान सहा महिने तीच जोडी त्याच घरी जाऊ दे. दर वेळी नवा माणूस आला की त्या घराला पहिल्यापासून कहाणी सांगावी लागते. आधी फोन करा. घरात वही उघडू नका, टिपण बाहेर आल्यावर करा. चहा दिला तर प्या.

राहिल्या आजी. शातियोंच्या त्या १६१७ च्या नियमावलीत जेवण नेणाऱ्या बाईनं काय करायचं ते पायरी पायरीनं लिहिलंय: हसतमुखानं आत जायचं, छोटं मेज पलंगावर ठेवायचं, त्यावर रुमाल, पेला, चमचा, पाव मांडायचा, आजाऱ्याचे हात धुवायला लावायचे, मग प्रार्थना, मग सूप वाढायचं. ज्यांच्याजवळ कुणी तरी आहे त्यांच्यापासून सुरुवात करावी आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटी जावं, म्हणजे त्यांच्याजवळ जास्त वेळ बसता येईल, हेही त्यातच आहे. तुमच्या यादीत आजी आज कितव्या आहेत ते पाहा आणि त्यांना चौदाव्या करा. त्या जोडीला त्या दिवशी दुसरं घर देऊ नका.